साखळी की झाड? हिशेबाची नोंद बदलली नाही, हे तपासायचं कशानं

हिशेबाची सॉफ्टवेअर लिहिण्याच्या माझ्या कामात एका ग्राहकाकडचा प्रसंग मनात घर करून बसलाय. मार्चअखेरीला टाकलेली 2,40,000 रुपयांची नोंद मे महिन्यात 2,04,000 दिसत होती आणि कुणी काय बदललं ते टिपणारा एडिट लॉग कोरा होता. बदल सॉफ्टवेअरमधून झालाच नव्हता. डेटाबेसचा पासवर्ड ज्याच्या हाती, त्यानं थेट टेबलातला आकडा फिरवला होता. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे असा बदलांचा लॉग, सक्तीचा आहे आणि तो बंद करता येता कामा नये, असंही नियम सांगतो. पण लॉग ज्या टेबलात राहतो, त्या टेबलालाच कुणी हात लावला तर? याची सोय सॉफ्टवेअर करणाऱ्यानंच करायची असते. त्यासाठी आज दोन रचना पुढे येतात: हॅशची साखळी आणि मर्कल झाड. हॅश म्हणजे मजकुरातून गणितानं काढलेला ठरावीक लांबीचा ठसा; मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.

साखळी समजायला सोपी आहे. नवी नोंद आणि आधीच्या नोंदीचा हॅश एकत्र करून नवा हॅश काढायचा, तो नोंदीशेजारी ठेवायचा. मधला एक आकडा बदलला की तिथून पुढचं काहीच जुळत नाही. कोड वीस-पंचवीस ओळींचा. लिहिताना फक्त शेवटचा हॅश हाताशी लागतो, त्यामुळे वेगही उत्तम.

खर्च येतो तो तपासताना. समजा ग्राहक म्हणाला, ‘माझी ही एक पावती तुमच्या वहीत आहे, हे दाखवा.’ त्या पावतीपासून आजपर्यंतची सगळी साखळी त्याच्यासमोर उलगडावी लागते. क्रॉसबी आणि वॉलक या दोघांनी 2009 च्या शोधनिबंधात याचं मोजमाप दिलं होतं: 8 कोटी नोंदींच्या लॉगमध्ये कुठलीही एक नोंद सिद्ध करायला साध्या साखळीला 800 मेगाबाइट लागू शकतात, त्यांच्या झाडाला 3 किलोबाइट पुरतात.

झाडात हे कसं साधतं, ते आठ नोंदींवर पाहू. प्रत्येक नोंदीचा हॅश म्हणजे एक पान. शेजारच्या दोन पानांचा मिळून एक हॅश, तशा दोन जोड्यांचा मिळून पुन्हा एक, आणि शेवटी एकच उरतो, त्याला मूळ म्हणायचं. सहावी नोंद सिद्ध करायची असेल तर तीनच हॅश द्यायचे: पाचव्या पानाचा, सातव्या-आठव्याच्या जोडीचा आणि पहिल्या चार नोंदींचा. तपासणारा आपल्याकडच्या सहाव्या नोंदीपासून सुरुवात करून हे तीन हॅश जोडत वर जातो आणि मुळाशी पडताळतो. दुसऱ्या कुणाचीही नोंद त्याला दिसत नाही. नोंदी दुप्पट झाल्या की पुराव्यात फक्त एका हॅशची भर पडते. 10,48,576 नोंदींना 20 हॅश पुरतात. एसएचए-256 या हॅश काढण्याच्या पद्धतीचा हॅश 32 बाइटचा, म्हणजे सगळा पुरावा 640 बाइटचा. मोबाइलवर तपासून होईल इतका.

माझ्या मते झाडाची खरी ताकद दुसऱ्या पुराव्यात आहे. कालचं मूळ आणि आजचं मूळ यांच्यामध्ये फक्त नव्या नोंदींची भर पडली, जुनं काही हललं नाही, हेसुद्धा असंच मोजक्या हॅशमध्ये दाखवता येतं. वेबसाइट खरी आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या प्रमाणपत्रांचे जाहीर लॉग यावरच उभे आहेत. 2011 मध्ये अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचं बनावट प्रमाणपत्र निघालं, इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला ते वापरलं गेलं आणि हे उघड झाल्यावर महिन्याभरात संस्था दिवाळखोरीत गेली. अशी गोष्ट लपून राहू नये म्हणून हे लॉग आले. 2018 पासून क्रोम ब्राउझर नव्या प्रमाणपत्रांसाठी त्यांतल्या नोंदीचा पुरावा मागतो.

झाड लिहिताना मात्र हात जपून चालवावा लागतो. पान आणि फांदी (दोन हॅश जोडून झालेला वरचा हॅश) यांचे हॅश वेगळे ओळखू यायला हवेत. प्रमाणपत्रांच्या लॉगमध्ये पानाआधी 0 आणि फांदीआधी 1 हा बाइट जोडतात, तो त्यासाठीच. नाहीतर फांदीलाच पान म्हणून खपवता येतं. बिटकॉइनमध्ये विषम संख्या आली की शेवटचा हॅश दोनदा घेतात. त्यातून दोन वेगळ्या याद्यांचं मूळ एकच येऊ शकतं, हे 2012 मध्ये उघड झालं. म्हणून स्वतःचं झाड शून्यातून लिहू नका, तयार आणि तपासलेली लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला आयता कोड, घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साखळी असो वा झाड, ज्याच्या हातात पूर्ण डेटाबेस आहे तो नोंद बदलून पुढचे सगळे हॅश नव्यानं काढू शकतो. शेवटच्या दहा नोंदी छाटल्या तर साखळी आतून बिनचूकच दिसते. शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उठवत, म्हणजे त्याखाली कुणाला ओळ वाढवता येत नसे. आपल्या लॉगचं मोर्तब म्हणजे सही केलेलं मूळ आणि नोंदींची संख्या, आणि ते आपल्या घराबाहेर राहायला हवं. कागदपत्रांवर हॅशनं तारखेची मोहर उमटवण्याची पद्धत मांडणारे संशोधक हेबर आणि स्टॉर्नेटा यांच्या कामातून निघालेली कंपनी 1995 पासून दर आठवड्याचा हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापत असे. वर्तमानपत्राचे छापलेले अंक परत कोण गोळा करणार?

मग सगळंच ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी राहणाऱ्या सामाईक वहीत, का ठेवू नये? एका कंपनीच्या कीर्द-खतावणीसाठी तो खर्च मला पटत नाही. हवं तर दिवसाचं मूळ तेवढं ओपनटाइमस्टॅम्प्स या वेळेची मोहर देणाऱ्या सोयीमार्फत बिटकॉइनच्या ब्लॉकचेनला बांधा. आणि सगळा भरवसा एका सेवेवरही टाकू नका. याच कामासाठी बनवलेली अ‍ॅमेझॉनची क्यूएलडीबी ही डेटाबेस सेवा 31 जुलै 2025 ला बंद झाली. नोंदी, हॅश आणि तपासणीचा कोड तुमच्याकडे साध्या फाइलमध्ये असलाच पाहिजे.

निवडताना आधी विचारा: तपासणार कोण? वर्षातून एकदा सीए येऊन सगळी वही वाचणार असेल आणि नोंदी काही लाखांत असतील, तर साखळी घ्या. एवढ्या नोंदी साधा लॅपटॉपही काही सेकंदांत तपासतो. ग्राहक, सभासद, बँक असे बाहेरचे लोक आपापली एकेक नोंद पडताळणार असतील, तर झाडच घ्या. रोज संध्याकाळी शेवटचा हॅश किंवा मूळ, नोंदींच्या संख्येसह, सीए आणि एका संचालकाला आपोआप मेलनं जाईल असं दोन्हीकडे लावा. ज्याच्याकडे डेटाबेसचा पासवर्ड आहे, त्याच्याकडे त्या मेलबॉक्सचा नसावा.

सुरू करण्याआधी डेटाबेसची एक नक्कल घ्या, तीन महिन्यांपूर्वीच्या एका नोंदीतला एक आकडा फिरवा, पुढचे सगळे हॅशही नव्यानं काढा आणि मग तपासणी चालवा. ‘सगळं ठीक’ असं उत्तर आलं, तर तुमचा प्रोग्रॅम मेलमधलं मूळ न पाहता शेजारच्या टेबलातलंच पाहतोय.