सुरमईसाठी डायव्हिंग प्लेनर: तंगूस, ब्रेड की तार?

मुंबईत प्लेनर (बोटीमागे ओढताना आमिषाला खाली नेणारा पत्रा किंवा चकती) घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, ‘किती खाली जातो?’ आपल्याकडे हा प्रश्न दुय्यम आहे. कुलाब्याच्या टोकाच्या प्रॉन्ग्ज दीपगृहाच्या पश्चिमेला किंवा खांदेरी बेटाच्या बाहेरच्या अंगाला हौशी बोटी फिरतात, तिथे दहा-पंधरा मीटर पाणी असतं. वावात सांगायचं तर सहा ते आठ वाव. त्यात वीस-पंचवीस फूट खाली स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) चालला तरी सुरमईला पुरे, आणि कुठलाही बरा प्लेनर तेवढं करतो. खरा हिशोब ओढीचा आहे. प्लेनर पाण्यात असतो तोवर सतत ओढत असतो, मासा लागलेला असो वा नसो. ती ओढ रॉडने सोसायची, रिळाने की बोटीच्या क्लीटने (दोर बांधायच्या खुंट्याने), हे आधी ठरवा. दोराची निवड त्यातून आपोआप होते.

प्लेनर मुळात हवाच का, हेही एकदा तपासून घ्या. रापालाच्या एक्स-रॅप मॅग्नम 30 सारखी मोठ्या जिभेची लूर (कृत्रिम आमिष) स्वतःच तीस फुटांच्या आसपास खाली जाते. तुमच्याकडे अशा दोन-तीन लूर असतील आणि वर्षातून एखाद-दोनदाच भाड्याच्या बोटीने जाणं होत असेल, तर प्लेनरच्या भानगडीत पडू नका. प्लेनरची गंमत आहे ती हलक्या, स्वस्त, लहान स्पूनला किंवा गळाला लावलेल्या बळा माशाला हव्या त्या थरात नेण्यात. सुरमई लहान चाऱ्यावर असताना मोठ्या लूरपेक्षा चार इंचांचा स्पून अनेकदा सरस ठरतो, आणि तो स्वतःहून खाली जात नाही. डाउनरिगरचा विचार इथे सोडून दिलेलाच बरा. तारेला लटकलेला चार-पाच किलोचा गोळा, खालून जाणारी जाळी आणि आपला वेग, हे गणित जमत नाही.

चकती की पत्रा?

प्लेनरच्या दोन जाती समोर येतात. एक गोल प्लास्टिकची चकती. डिप्सी डायव्हर हे त्यातलं गाजलेलं नाव. तळाची तबकडी फिरवली की ती डावीकडे किंवा उजवीकडे सरकत खाली जाते, त्यामुळे एकाच बोटीतून अनेक दोर न गुंतता सोडता येतात. कल्पना झकास आहे, पण ती अमेरिकेच्या ग्रेट लेक्समधल्या सामनसाठी, ताशी दोन-तीन मैलांच्या वेगासाठी बेतलेली. सुरमईसाठी स्पून पाच-सहा नॉटवर ओढायला गेलात की चकती एकतर सुटून वर येते, नाहीतर रॉड वाकवून ठेवते. बळा किंवा बोय मासा लावून दोन-अडीच नॉटवर संथ फिरणार असाल तरच ती घ्या.

दुसरा धातूचा पत्रा: पुढे वाकवलेली जाड तार, तारेवर सरकणारी कडी, खाली शिशाचं वजन. कडी तारेवरच्या ठरलेल्या जागी असते तोवर पत्रा नाक खाली करून डुबतो. मासा लागला की मागचा झटका पत्र्याला तिरका करतो, कडी सरकते, पत्रा पाण्यात आडवा पडतो आणि ओढ जवळजवळ संपते. मग मासा पत्र्याच्या वजनाशी न झुंजता थेट तुमच्याशी झुंजतो. हे पत्रे नंबरावर मिळतात. मुंबईच्या खोलीला नंबर 3 पुरतो. शंभर फूट दोरावर तो साधारण वीस ते तीस फूट जातो. नक्की किती, हे दोराच्या जाडीवर आणि वेगावर. नंबर 6 आणि त्यापुढचे पत्रे खोल पाण्यातल्या कुप्यासाठी (ट्यूनासाठी) ठीक. इथे ते फक्त रीळ तोडतात.

वेग पाण्यातला, जीपीएसवरचा नाही

ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. चार नॉटवरून सहावर गेलात की ती सव्वादोन पट होते. आपल्याकडे याला प्रवाहाची जोड मिळते. प्रवाह दोन नॉटचा धरला आणि जीपीएसवर पाच नॉट ठेवून प्रवाहाविरुद्ध निघालात, तर प्लेनरला वेग लागतो सातचा. त्याच पाचवर उलट फिरलात तर तीनचा. दोन्हींतल्या ओढीत पाच पटींहून जास्त फरक. म्हणून एकाच फेरीत एकीकडे प्लेनर सारखा सुटतो आणि दुसरीकडे नुसता तरंगतो. त्यात त्या पत्र्याचा दोष काहीच नसतो. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीला, म्हणजे उधाणाला, हा त्रास सगळ्यात जास्त, शिवाय पाणी गढूळ. भांगाचे दिवस निवडले तर प्रवाह मंद, पाणी जरा निवळलेलं आणि प्लेनर शहाण्यासारखा चालतो. नव्या माणसाने पहिली फेरी भांगातच करावी.

दोर: खरा फरक इथे

तंगूस, म्हणजे नायलॉनचा मोनो, सगळ्यांच्या ओळखीचा. स्वस्त, गाठीला सोपा, हाताला सोसणारा. तो चांगलाच ताणला जातो, आणि हा त्याचा गुण आणि अवगुण दोन्ही आहे. सुरमई वेगात येऊन झटका देते तेव्हा तंगूस तो झटका पिऊन टाकतो, गळ फाटून निघत नाही. पण हाच ताण प्लेनर सोडवायच्या वेळी आडवा येतो. मासा नसताना प्लेनर वर घ्यायचा असेल तर दोर एकदम ढिला सोडून कडी सरकवावी लागते, आणि लांब सोडलेल्या तंगूसात तो ढिलेपणा टोकापर्यंत नीट पोचत नाही. दुसरं, जाडी. पन्नास पौंडी तंगूस साधारण 0.70 मिमी भरतो. त्याच ताकदीचा ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांचा विणलेला दोर, 0.36 मिमीच्या आसपास. जाड दोराला पाणी जास्त अडवतं, म्हणून तेवढाच दोर सोडून तंगूसवरचा प्लेनर कमी खोल जातो.

ब्रेड जवळजवळ ताणला जात नाही. रॉडच्या टोकाच्या थरथरीवरून कळतं की स्पून फिरतोय की त्यात प्लास्टिकची पिशवी अडकलीय. मुंबईत हा छोटा फायदा नव्हे. ओहोटीला खाडीच्या तोंडातून जो कचरा बाहेर पडतो, त्यातलं एखादं पाकीट स्पूनला लागलं की तो मेल्यासारखा घसटत येतो, आणि तंगूसवर अर्धा तास पत्ता लागत नाही. लहान मासा लागून पत्रा सुटलाच नाही, तर तेही ब्रेडवर समजतं.

पण ब्रेड रिळावर कसा भरलाय यावर सगळं आहे. सैल भरलेला ब्रेड प्लेनरच्या सततच्या ओढीने खालच्या थरांत रुततो, आणि नेमका मासा पळतो तेव्हा अडकून तुटतो. आधी पाच-दहा मीटर तंगूस गुंडाळायचा, नाहीतर अख्खा ब्रेड स्पूलवर गरगर फिरतो. मग ओल्या फडक्यातून ताण देत, बोटं दुखेपर्यंत घट्ट भरायचा. प्लेनरच्या बाजूला वीसेक फूट ऐंशी पौंडी तंगूस जोडायचा, म्हणजे झटका पिणारं काहीतरी उरतं आणि हाताने धरायला जागा मिळते. उघडा ब्रेड हाताने ओढू नका, कातडी कापतो. ताकद पासष्ट पौंड पुरे. पीईचा नंबर (ब्रेडच्या जाडीचा आकडा) बघून घेणाऱ्याने पाचच्या आसपास घ्यावा, आणि पीईचा नंबर जाडी सांगतो, ताकद नव्हे, हे ध्यानात ठेवावं.

दोर म्हणून तार सगळ्यात खोल नेते, ताणली जात नाही आणि बुडते. पण तिला खास टोकाचा रॉड लागतो, साध्या गाइडमध्ये (रॉडवरच्या कड्यांत) ती खाचा पाडते. एकदा पीळ पडून मोडली की त्या जागी तुटणार हे ठरलेलं. पंधरा मीटर पाण्यात तिचं कामच नाही. दुकानात कोणी गळ्यात मारायला लागलं तर हसून पुढे व्हा.

रॉड-रीळ की क्लीट?

रॉड-रीळ घेणार असाल तर पाच-सहा फुटी, पन्नास पौंडी वर्गाचा आखूड रॉड आणि मल्टिप्लायर रीळ (ज्याची फिरकी स्वतः फिरून दोर सोडते). शिमानो टीएलडी 25 किंवा पेन सेनेटर 4/0 च्या मापाचं. स्पिनिंग रीळ या कामाला लावू नका. त्याचा बेल आणि रोलर (दोर वळवून गुंडाळणारे भाग) असली अखंड ओढ सोसायला बनलेले नाहीत. रॉड होल्डर बोटीला पक्का बोल्टने बसवलेला हवा; भाड्याच्या बऱ्याच बोटींत तो नसतो, आणि दोरीने बांधलेल्या पाइपात हा रॉड ठेवणं म्हणजे समुद्राला दान.

माझं मत मात्र क्लीटच्या बाजूने झुकतं. तीनेक मिलिमीटरची विणलेली नायलॉन दोरी, शंभर फूट, एका टोकाला क्लीट, मध्ये रबरी बंजी, दुसऱ्या टोकाला प्लेनर. मागे पंचवीस फूट ऐंशी पौंडी तंगूस, बॉल-बेअरिंग स्विव्हल (फिरती कडी) आणि स्पून. स्विव्हल साधं चालणार नाही. स्पून दिवसभर फिरतो आणि तंगूसाला पीळ घालून ठेवतो. बंजीवरची ओढ एकदम कमी झाली आणि दोरी धडधडायला लागली, की मासा लागला. हातमोजे घालून आत घ्यायची. खर्च रॉड-रिळाच्या काही हिश्शात, कुठल्याही होडीवर चालतं, आणि तांडेलाला शिकवावं लागत नाही, कारण हातदोराने मासा ओढणं त्याला तुमच्याआधीपासून येतं. झुंजीची मजा जाते, हे खरं. ती हवी असेल तर आधी एक फेरी क्लीटवर करून, बॅग मोजायच्या डिजिटल काट्याने आपल्या वेगाला किती किलो ओढ येते ते बघा आणि मगच रिळावर पैसे घाला. रिळाचा ड्रॅग (दोर सहज सुटू न देणारा ब्रेक) त्या आकड्याच्या बराच वर, न घसरता टिकला पाहिजे.

स्पूनच्या आधीच्या शेवटच्या फूटभर जागी मात्र तार हवीच, सुरमईचे दात तंगूस सहज कापतात. एकेरी स्टीलची सहा किंवा सात नंबरची तार बस. फ्लोरोकार्बनवर (पाण्यात कमी दिसणाऱ्या दोरावर) पैसे घालू नका. हे पाणी इतकं निवळ नसतं की माशाला फरक दिसावा. प्लेनर रॉडच्या टोकातून आत येत नाही, म्हणून मागचा पंचवीस फूट तंगूस रॉडवरही हातानेच घ्यावा लागतो. बोटीत दुसरा माणूस नसेल तर तो पंधरा फुटांवर आणा.

आणि कुठे ओढायचं नाही, तेही तांडेलाला आधीच विचारून घ्या. खाली जाणारा पत्रा प्रवाहात बांधून ठेवलेल्या डोल जाळ्याच्या दोरात अडकला तर तुमचा प्लेनर जातो आणि कुणा कोळ्याचं जाळं फाटतं. जाळ्याचे तरंगते बोये दिसले की दोर आत, मग वळण. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यंत्रबोटींना मासेमारीची बंदी असते. लागलेली सुरमई मोजून बघायला बोटीत एक पट्टी ठेवा: महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, त्यात सुरमईचा 370 मिमी आहे. लहान स्पूनला त्याहून छोटी पिल्लंही येतात, ती गळ सोडवून लगेच पाण्यात.