नकाशा छापायला दिला आणि नदीच पुसली गेली

नौपाड्यात आमच्या मागच्या गल्लीत ए-झिरो या भल्यामोठ्या कागदापर्यंत प्लॉटर प्रिंट काढून देणारं दुकान आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. पोरगा गुणी आहे.

मी तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. नातवाच्या खोलीसाठी त्सांगपोच्या घळीचा नकाशा हवा होता, १९१३ नंतरच्या एका नकाशाचं स्कॅन पेनड्राइव्हवर नेलं. त्सांगपो तिबेटातून येते, नामचा बरवा (७,७८२ मीटर) या शिखराला वळसा घालून अरुणाचलात सियांग होते आणि पुढे आसामात ब्रह्मपुत्रा. पण ही एकच नदी, हे एकेकाळी सिद्ध व्हायचं होतं. त्यासाठी १८८० मध्ये इंग्रजांच्या सर्व्हे खात्याने सिक्कीमच्या किंथुपला एका लामासोबत धाडलं: वर त्सांगपोत ओंडके सोडायचे, ते खाली ब्रह्मपुत्रेत दिसले की नदी एकच. लामाने त्याला चक्क गुलाम म्हणून विकलं. तरी गड्याने सुटका करून घेतली आणि ठरल्याप्रमाणे खुणेचे ५०० ओंडके, रोज ५० या हिशेबाने, नदीत सोडले. खाली बघायला कोणी नव्हतं, ओंडके कधी सोडणार हे कळवणारी त्याची चिठ्ठीच पोचली नव्हती! १८८४ मध्ये परत येऊन त्याने सगळं तोंडी सांगितलं, लिहिता येत नव्हतं ना. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे इंग्रज अधिकारी स्वतः तिकडे गेले, तेव्हा त्याचं बरंचसं खरं निघालं. मात्र घळीतला एक पट्टा त्यांनाही गाठता आला नाही.

माझ्या नकाशात तेवढी नदी तुटक रेघेने काढलेली. पहिल्या प्रिंटमध्ये ती रेघच नाही. नदी डोंगरात शिरते ती गडप!

"काका, स्कॅनवर डाग फार होते, साफ करून दिलं."

वर कागदात बसवायला आकारही कमी केलेला. म्हणजे इंचाला किती मैल ते छापलंय, ते खोटं. स्टीलची पट्टी लावून दाखवली तेव्हा त्याला पटलं. (खालची मापपट्टी नकाशाबरोबरच आकसते, म्हणून ती तेवढी खरी राहते.)

दुसरी प्रिंट त्याने फुकट काढून दिली, मॅट कागदावर. डोंगराच्या बारीक तपकिरी रेषा एकमेकींत न मिसळता उमटल्यात, तुटक रेघ भिंग न लावता दिसते. साडेतीन स्टार. फाइल देतानाच सांगा, "मापात शंभर टक्के, साफसफाई नको." आणि दुपारी एक ते चार जाऊ नका, शटर बंद असतं.