कीबोर्ड व्हिडिओवरून शिकावा की क्लास लावावा? आधी डावा हात बघा

पुण्यात कीबोर्डकडे वळणाऱ्या अनेकांची बोटं आधी पेटीवर फिरलेली असतात. त्यांना उजव्या हाताने गाण्याची चाल पहिल्याच आठवड्यात जमते. अडतं ते डाव्या हाताशी. पेटीवर हा हात भाता चालवतो, कीबोर्डवर मात्र त्याला बेस (खालचे जाड स्वर) आणि कॉर्ड (एकत्र दाबायचे स्वर) लयीत धरायचे असतात. म्हणून कुठलाही पर्याय निवडताना आमचा पहिला प्रश्न एकच असतो: यात डावा हात कसा शिकवलाय?

सगळ्यात जास्त सापडतात ते रंगीत ठोकळे वरून खाली पडणारे व्हिडिओ. कुठली पट्टी, कधी आणि किती वेळ दाबायची हे त्यात अचूक कळतं. पण कुठलं बोट ठेवायचं, किती जोर लावायचा, स्वर लांबवणारं पायाखालचं पेडल कधी सोडायचं, यातलं बहुधा काहीच कळत नाही. सी मेजरची सप्तक उजव्या हाताने चढताना बोटं (अंगठा 1, करंगळी 5) 1-2-3-1-2-3-4-5 अशी पडतात, म्हणजे तिसऱ्या स्वरानंतर अंगठा खालून सरकतो. ठोकळे बघून वाजवणारा पाचही बोटं वापरून मोकळा होतो आणि सहाव्या स्वराला हात उचलतो. सावकाश वाजवताना हे खपतं, लय वाढली की तिथेच गाणं तुटतं. ओळखीच्या गाण्याचे स्वर पटकन तपासायला हे व्हिडिओ उत्तम, शिकायला अपुरे.

दुसरा प्रकार शिक्षकाच्या हातांवर वरून कॅमेरा लावलेल्या व्हिडिओंचा. बोटं स्पष्ट दिसतात, आणि चांगला शिक्षक डाव्या हाताचा पॅटर्न वेगळा वाजवून दाखवतो. सी, ए मायनर, एफ, जी ही पॉपमधली कॉर्डची नेहमीची चौकडी घ्या. दर वेळी मूळ स्थितीतला, म्हणजे नावाचा स्वर सगळ्यात खाली असलेला कॉर्ड धरला तर हात माकडउड्या मारतो. त्याऐवजी जी-सी-ई, मग ए-सी-ई, मग ए-सी-एफ, मग जी-बी-डी असं धरा: पहिल्या दोन बदलांत एकेकच स्वर सरकतो आणि तिसऱ्यातही हात जागचा फारसा हलत नाही. हे जो समजावून सांगतो त्याचा व्हिडिओ ठेवावा. नुसतं 'आता इथे दाबा' म्हणणाऱ्याचा सोडावा.

या कॅमेऱ्याची एक उणीव फार कमी लोकांच्या लक्षात येते. वरून बघताना मनगटाची उंची दिसत नाही. घरी कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवलेला असतो, तो उंच पडतो, मनगट वाकतं आणि अर्ध्या तासात हात भरून येतो. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर येईल इतका स्टँड खाली घ्या. पेडलही चौकटीबाहेर राहतं. ते कॉर्डबरोबर दाबायचं नसतं. नवा कॉर्ड वाजताना सोडायचं आणि लगेच पुन्हा दाबायचं, नाहीतर दोन कॉर्ड एकमेकांत कालवले जातात.

व्हिडिओ पियानोचा आणि तुमच्याकडे ऑटो-अकम्पनिमेंटचा, म्हणजे ताल आणि साथ स्वतःच वाजवणारा कीबोर्ड, हा घोटाळा नेहमीचा. स्टाइल (ही तयार साथ) चालू असेल तर स्प्लिट पॉइंटच्या, म्हणजे पट्ट्यांचे दोन भाग करणाऱ्या जागेच्या, डावीकडचे स्वर कीबोर्ड कॉर्ड म्हणून वाचतो. तिथे सुटे स्वर वाजवत गेलात की भलतेच कॉर्ड उमटतात. पियानोचा धडा घेताना स्टाइल बंदच ठेवा. भावगीतासाठी स्टाइल लावायची तर दादऱ्याला 6/8 किंवा 3/4 ची आणि केरव्याला 4/4 ची घ्या. व्हिडिओ काळी एकमध्ये (सी शार्प) असेल आणि तुम्ही पांढरी एकच्या (सी) पट्ट्या दाबत असाल तर ट्रान्सपोज (सगळे स्वर सारखे चढवायची-उतरवायची सोय) +1 करा. मात्र रोज हीच सवय लागली तर काळ्या पट्ट्यांवर बोटं कधीच बसणार नाहीत.

पैसे भरून घ्यायचे क्रमवार कोर्स कशात सरस? क्रमात. सुट्या व्हिडिओंत आज ब्लूजची 12 बारची (एका बारमध्ये चार मात्रा) चौकट, उद्या बॅलड, असं भटकणं होतं. पण तुमची चूक ऐकणारं इथेही कुणी नसतं. कीबोर्ड यूएसबीने जोडून वापरायची अ‍ॅप चुकीचा स्वर पकडतात, ताठरलेला अंगठा नाही.

तो पकडतो क्लासमधला शिक्षक. सिंहगड रोडवरून संध्याकाळी कोथरूडला पोचणं हा ताप खरा आहे, तरी पेटीवरून येणाऱ्याने आणि लहान मुलांनी पहिले तीन महिने क्लास लावावाच, असं आमचं स्पष्ट मत आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा द्यायच्या असतील तर पुढेही क्लास सुरू ठेवावा. ज्यांचे दोन्ही हात सुटे झालेत आणि ज्यांना गणपतीत किंवा सोसायटीच्या कार्यक्रमात साथ करायची आहे, त्यांना वरच्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ पुरतात.

सराव असा करा. व्हिडिओतल्या फक्त चार मात्रा घ्या. वेग 0.5 वर आणा. यूट्यूबवर वेग कमी केला तरी सूर उतरत नाही, आणि 120 ची लय 60 वर येते. आधी एकटा डावा हात, सलग पाच वेळा बिनचूक. मग उजवा हात, मग दोन्ही, मग वेग 0.75. ब्लूटूथ हेडफोन टाळा, दाबणं आणि ऐकू येणं यांत अंतर पडतं. आठवड्यातून एकदा मोबाइल पट्ट्यांच्या पातळीवर, बाजूला ठेवून स्वतःचं चित्रण करा. मनगट खाली पडतंय का ते त्यातच दिसेल.