हात न लावता फोन: एक आंबा सिझन आणि एक पावसाळा वापरून

झाडावरून पडून मानेला मार बसल्यापासून माझे हात चालत नाहीत. आवाज आणि चेहरा शाबूत आहे, आणि यंदाचा आमचा देवगडचा आंबा मी त्यांच्याच जोरावर विकला. अँड्रॉइडमधल्या दोन फुकट सोयी वापरतो: आवाजाने फोन चालवणारा व्हॉइस ॲक्सेस, आणि हात न लावता बटणं निवडू देणाऱ्या स्विच ॲक्सेसमधला, चेहऱ्याच्या हावभावांवर चालणारा कॅमेरा स्विच.

व्हॉइस ॲक्सेसला 'शो नंबर्स' म्हटलं की स्क्रीनवरच्या प्रत्येक बटणावर आकडा येतो. आकडा म्हणायचा, बटण दाबलं जातं. काम झटपट होतं. पण हुकूम मराठीत चालत नाहीत, आणि ते घरभर ऐकू जातात.

म्हणून माझा जीव कॅमेरा स्विचवर जास्त. गुगलने तो 2021 मध्ये आणला. पुढचा कॅमेरा सहा हावभाव ओळखतो: हसणं, भुवया उंचावणं, तोंड उघडणं आणि डावीकडे, उजवीकडे किंवा वर बघणं. मी उजवीकडे बघितलं की निवडलेल्या बटणाभोवतीची चौकट पुढच्या बटणावर सरकते, भुवया उंचावल्या की ते दाबलं जातं. हसणं कशालाच लावू नका, दारात कोणी आलं की आपण हसतोच. 'पाच डझनाची पेटी परवा निघेल' असा मेसेज असेल तर चौकट जीबोर्डच्या (गुगलच्या कीबोर्डच्या) माइकवर नेऊन सरळ मराठीत बोलतो. डॉक्टरांना काही खाजगी विचारायचं असेल तर एकेक अक्षर निवडत बसतो. वेळ जातो, पण पुतण्याच्या हाती फोन द्यावा लागत नाही. मला याचं मोल फार आहे.

खरा कस पावसाळ्यात लागला. पत्र्यावर सर कोसळली की आवाजाचं काही चालत नाही. मग कॅमेऱ्यावर यायचं, तर नेमकी लाइट जाते आणि पडवीत काळोख. चार्जिंगचा दिवा फोनच्या मागे, उजेड चेहऱ्यावर पडेल असा ठेवला की भागतं. कॅमेरा सतत चालू असल्याने बॅटरी भराभर उतरते, पॉवर बँक जोडलेलीच हवी.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. माझ्या बँकेचं ॲप स्विच ॲक्सेस चालू दिसला की सुरक्षेचं कारण देऊन उघडतच नाही. पैसे माझे, आणि पिन वहिनीला सांगावा लागतो. यात कसली सुरक्षा?

पॉवर बँक सोडली तर विकत घ्यायचा तो फक्त स्टँड. व्हीलचेअरला घट्ट बसणारा, जड घ्या. हलका स्टँड पंख्याच्या वाऱ्यानेही डुलतो, मग कॅमेऱ्याला चेहरा सापडत नाही.