सीलबंद परीकार्डांच्या नावाखाली घातलेला गंडा

परींच्या चित्रांचे ओरॅकल कॅट, म्हणजे संदेश काढण्यासाठी वापरले जाणारे पत्त्यांचे संच, जमवणाऱ्या मंडळींना ठरवून गंडवणारे काही विक्रेते सध्या समाजमाध्यमांवर फिरत आहेत. त्यांपैकी एकाने माझ्यासह आमच्या संग्राहकांच्या गटातल्या आणखी काही जणांना हातोहात फसवले, आणि त्याने वापरलेली रीत इतकी साधी आहे की ती तशीच पुन्हा वापरली जाणार हे नक्की, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ज्यांना हा छंद परका आहे त्यांच्यासाठी थोडे आधी सांगते. भविष्य पाहण्यासाठी वापरला जाणारा टॅरोचा कॅट ७८ पत्त्यांचा ठरलेला असतो. ओरॅकलला तसे बंधन नाही, पत्ते किती आणि त्यांवर काय असावे हे तो कॅट करणारा ठरवतो. प्रत्येक पत्त्यावर चित्र आणि एखादा शब्द किंवा वाक्य असते, आणि सोबतच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ सांगितलेला असतो. बरेच जण पत्ते पिसून दिवसाचा संदेश म्हणून एक पत्ता काढतात. मी ते करत नाही, मला त्यांतली चित्रे आवडतात. मात्र भामट्याला हा फरक चालतो. तो भाविकालाही फसवतो आणि चित्रांच्या वेड्यालाही.

परींच्या कॅटांबद्दल संग्राहकांची मते टोकाची असतात. एक पक्ष ब्रायन फ्राउड या इंग्रज चित्रकाराचा. डेव्हनमध्ये राहणाऱ्या या चित्रकाराचा पहिला ओरॅकल कॅट २००० साली निघाला आणि त्यातल्या परी नाकाने वाकड्या, नजरेने बेरकी, प्रसंगी सरळ भीती वाटावी अशा आहेत. दुसरा पक्ष डोरीन व्हर्च्यू या अमेरिकी लेखिकेच्या कॅटांचा. त्यांचे परींवरचे दोन कॅट, एक २००१ चा आणि दुसरा २००८ चा, प्रत्येकी ४४ पत्त्यांचे, पंख लावलेल्या गोड परींचे आणि धीर देणाऱ्या वाक्यांचे. फ्राउडचे चाहते या दुसऱ्या प्रकाराला नाके मुरडतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण आयर्लंडमधल्या खेडुतांच्या जुन्या समजुतींत परी हे प्रकरण जपून वागण्याचे होते, त्यांचे नावही थेट घेत नसत. आपल्याकडच्या साती आसरा आठवून पाहा. विहिरीच्या नि नदीच्या काठी त्यांना हळदकुंकू वाहतात ते काही त्या गोंडस आहेत म्हणून नव्हे. माझा स्वतःचा कल फ्राउडकडे आहे, तरीही २००८ चा तो गोड कॅट मला हवा होता, कारण त्यात अनेक चित्रकारांची परीचित्रे एकत्र आलेली आहेत आणि त्यांतल्या काहींची रेषा खरोखर अभ्यासण्यासारखी आहे.

आता हा कॅट दुर्मीळ का झाला हे कळल्याशिवाय फसवणुकीचे अर्थशास्त्र कळणार नाही. २०१७ साली व्हर्च्यू यांनी ख्रिस्ती धर्माचा नव्याने स्वीकार केला आणि आपल्याच पत्त्यांचा जाहीर त्याग केला. त्यानंतर त्यांचे जुने कॅट छापून येणे थांबले. काही संग्राहकांनी आपले कॅट काढून टाकले, काहींनी ते आणखीच जपून ठेवले, आणि हातातून हातात फिरणाऱ्या प्रतींच्या किमती चढत गेल्या. मागणी आहे, मूळ प्रकाशकाकडून पुरवठा नाही आणि प्रत्यक्ष मूळ वस्तू हातात घेतलेली माणसे थोडी, अशी परिस्थिती बनावट माल काढणाऱ्याला हवीच असते. नकली कॅट पूर्वीही बाजारात होते, पण ते चारपाचशे रुपयांत उघडपणे स्वस्त म्हणून विकले जात आणि घेणाऱ्यालाही आपण काय घेतो आहोत याची बहुधा कल्पना असे. नवा प्रकार वेगळा आहे: तोच नकली माल जुना, अस्सल आणि सीलबंद म्हणून दहापंधरा पट किमतीला विकायचा.

आमच्याशी व्यवहार केलेल्या विक्रेत्याने स्वतःची ओळख संग्राहक म्हणूनच करून दिली होती. घर बदलायचे आहे, संग्रह आवरता घ्यायचा आहे, योग्य माणसाच्या हाती जावा एवढीच इच्छा आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याची भाषा आमच्या गटातली होती. कोणत्या छपाईत रंग कसा आला, कोणत्या खोक्याचे झाकण सैल असते, यावर तो आपणहून बोलत असे, आणि ही माहिती खोटी नव्हती. आम्हीच लोकांनी आपापसांत वर्षानुवर्षे केलेल्या चर्चा त्याने वाचून पाठ केल्या होत्या. छायाचित्रेही उत्तम होती. ती दुसऱ्याच कोणाच्या जुन्या विक्रीतून उचललेली होती हे नंतर इंटरनेटवर छायाचित्रांवरून उलट शोध घेतल्यावर समजले. किंमत साडेसहा हजार रुपये ठरली, जी त्या कॅटासाठी जास्त नव्हती आणि संशय यावा इतकी कमीही नव्हती. पैसे यूपीआयने आगाऊ द्यायचे होते आणि खात्यावर दिसणारे नाव विक्रेत्याचे नव्हते. ते 'मिसेसचे खाते' आहे असे सांगण्यात आले.

या व्यवहारातली खरी खुबी सीलमध्ये होती. न उघडलेल्या कॅटाला संग्राहक जास्त पैसे मोजतात आणि प्लॅस्टिकचे वेष्टन फाटले की किंमत उतरते, असे मत आमच्यातच रूढ आहे. विक्रेत्याने त्याचाच नियम केला: वस्तू सीलबंद पाठवत आहे, सील फोडल्यास परत घेतली जाणार नाही. म्हणजे आत काय आहे ते पाहायचे तर परत करण्याचा हक्क जातो, आणि हक्क राखायचा तर आत पाहायचे नाही. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो कॅट तसाच कपाटात ठेवला आणि फसवणूक कितीतरी दिवस उघडकीलाच आली नाही. ती उघडी पडली ती नाशिकच्या एका ताईंमुळे, कारण त्यांना संग्रहाच्या किमतीत रस नव्हता, त्यांना पत्ते वापरायचे होते. त्यांनी खोका उघडला, आत पुस्तिका नव्हती, आणि तिच्या जागी क्यूआर कोड छापलेली एक घडीची चिठ्ठी होती. त्यांनी गटात विचारले, आणि मग एकेकाने आपापली कपाटे उघडली.

विक्रेत्याची उत्तरे मुद्दाम नमूद करते, कारण सगळी फसवणूक त्यांच्यातच आहे. पुस्तिका नाही, तर कागद वाचवण्यासाठी काढलेली आवृत्ती. पत्ते किंचित लहान, तर युरोपातली छपाई. रंग काळपट, तर त्याचे शब्द असे होते : "ताई, पहिल्या छपाईचा रंग असाच गडद असतो. नंतर फिका केला. कोणत्याही जाणकाराला विचारा." प्रत्येक दोषाचे त्याने दुर्मिळतेच्या पुराव्यात रूपांतर केले, आणि छपाई-छपाईत फरक असतो हे खरे असल्यामुळे ऐकणाऱ्याला ते पटतही होते. परींच्या बाबतीत हे काही नवे नाही. १९१७ साली यॉर्कशायरमधल्या कॉटिंग्ली गावात दोन मुलींनी परींची छायाचित्रे काढली, १९२० मध्ये शेरलॉक होम्सचे लेखक सर आर्थर कॉनन डॉयल यांनी ती खरी मानून मासिकात छापून आणली, आणि त्या परी म्हणजे पुस्तकातल्या चित्रांवरून काढून कापलेले कागद होते, टोपीच्या पिनांनी उभे केलेले, ही कबुली यायला १९८३ साल उजाडले. एका छायाचित्रात परींसोबतच्या एका बुटक्या 'नोम'च्या पोटावर पिनेचे टोक दिसत होते, आणि डॉयल यांनी ते त्याचे बेंबीचे ठिकाण समजून परींमध्ये प्रसूती होते असा निष्कर्ष काढला, असे सांगतात. ज्याला विश्वास ठेवायचाच आहे त्याला पिनसुद्धा पुरावा वाटते.

पत्त्यांकडे येते. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन मी गटातल्या एका जुन्या संग्राहकाचा अस्सल पत्ता आणि माझा पत्ता शेजारी ठेवून पाहिले. अस्सल पत्त्यावर चित्र रंगीत ठिपक्यांनी बनलेले होते, पण खालची काळी अक्षरे सलग काळ्या शाईची, कडा स्वच्छ. माझ्या पत्त्यावर अक्षरेसुद्धा ठिपक्यांची होती. निळे, गुलाबी आणि पिवळे ठिपके अक्षराच्या कडेबाहेर सांडलेले. याचे कारण सरळ आहे. मूळ छपाईत मजकूर चित्रापासून वेगळा ठेवलेला असतो आणि काळ्या शाईने छापला जातो, तर नक्कल करणारा तयार पत्ता स्कॅन करतो, त्याच्या दृष्टीने अक्षर हा चित्राचाच भाग असतो आणि तो सगळे मिळून पुन्हा चार रंगांत फोडतो. याच कारणाने सावल्या बुजतात. परीच्या पंखामागच्या झाडीतली पाने अस्सल पत्त्यावर मोजता येत होती, माझ्या पत्त्यावर तिथे काळा डाग होता. चौकट चारही बाजूंनी सारखी नव्हती, कारण मूळ फाइलमध्ये कापण्यासाठी राखलेली जादा कड नक्कल करणाऱ्याकडे नसतेच, त्याला छापील पत्त्याच्या आतून कापावे लागते. 'पहिली छपाई' या सबबीने यांतले काहीच समजावून सांगता येत नाही.

मात्र यासाठी सील फोडावे लागते. न फोडता करता येण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वजन. या प्रकारचे पत्ते सुमारे ९ सेंटिमीटर रुंद आणि साडेबारा सेंटिमीटर उंच असतात; कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, धरला तर एका पत्त्याचे वजन ३.४ ग्रॅमच्या आसपास आणि ४४ पत्त्यांचे दीडशे ग्रॅमच्या जवळ जाते. माझे ४४ पत्ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर नव्वद ग्रॅमसुद्धा भरले नाहीत. अस्सल खोक्यात त्याखेरीज पुस्तिकेचे वजन असते. कोणाकडे खात्रीचा कॅट असेल तर त्याने तो खोक्यासकट तोलून आकडा सर्वांना द्यावा, आणि विक्रेत्याला सीलबंद खोका काट्यावर ठेवून छायाचित्र पाठवायला सांगावे. आमच्या विक्रेत्याकडे हे दुसऱ्या एका ग्राहकाने मागितले, तेव्हा त्याने काटा नसल्याचे कळवले आणि मग उत्तर देणेच बंद केले.

गटात यावर जी चर्चा झाली ती मला फसवणुकीइतकीच खटकली. काहींचे मत पडले की पत्ते आपल्याकडे येतात ते कारण असल्यावाचून येत नाहीत, संदेश तोच आहे, कागदाचे काय घेऊन बसलात. श्रद्धेचा मान राखूनही मला हे पटत नाही. नकली कॅटातून चित्रकाराला एक पैसाही मिळत नाही, आणि 'संदेश तोच' म्हणणाऱ्यांनी दिलेले अभयच विक्रेता पुढच्या ग्राहकाला चांगला अभिप्राय म्हणून दाखवतो. आमच्या बाबतीत त्याने तसे केलेही. काही जणांनी तर आपला नकली कॅट सीलबंद असल्याचे सांगून पुढे विकण्याचा विचार बोलून दाखवला. त्यांना एवढेच सांगितले की माहीत असून विकला तर तुमच्यात आणि त्याच्यात फरक उरणार नाही. प्रताधिकाराचा भंग जाणूनबुजून करणे हा १९५७ च्या कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तक्रारीचा अनुभव संमिश्र आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर शक्य तितक्या लवकर कळवावे, कारण रक्कम समोरच्या खात्यातून पुढे सरकण्यापूर्वीच ती रोखता येते. आम्हाला फसवणूक उशिरा कळल्यामुळे खाते तोवर रिकामे झालेले होते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक मिळतो, आणि विक्री मोठ्या ई-कॉमर्स मंचावरून झाली असेल तर त्याचा उपयोग होतो, कारण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याच्या आत निवारण करणे अपेक्षित असते. तथापि हेच नियम धंदा म्हणून नव्हे तर वैयक्तिकरीत्या एखादी वस्तू विकणाऱ्या माणसाला लागू होत नाहीत. 'घर बदलतोय, संग्रह आवरतोय' या गोष्टीचा उपयोग केवळ सहानुभूतीपुरता नव्हता, हे मला तेव्हा उमगले. मात्र तोच माणूस तोच सीलबंद कॅट अनेकांना विकतो हे दाखवता आले तर तो धंदाच ठरतो, म्हणून फसलेल्या सर्वांनी आपापल्या पावत्या आणि संभाषणे एकत्र ठेवली आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तेव्हा अर्ज तिकडे करायचा असे ठरले आहे. अडचण आहे ती विक्रेत्याचा खरा पत्ता मिळवण्याची, आणि त्यासाठी पार्सलवरचा कुरिअरचा क्रमांक जपून ठेवलेला एकच जण आमच्यात निघाला.

दरम्यान तो विक्रेता नव्या नावाने परतला आहे. या वेळी त्याच्याकडे फ्राउडच्या कॅटाची पहिली छपाई आहे, तीही सीलबंद, आणि पैसे घेणारे खाते पुन्हा तिसऱ्याच बाईंच्या नावावर आहे.