शांघायमधला ‘चला, चहा प्यायला’: सहकाऱ्यांबरोबर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी वाचावं असं

ऑक्टोबर 2025 पासून भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाली. चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांतली मंडळी मशीनच्या ट्रायलला, मोल्ड बघायला, पुरवठादाराच्या कारखान्यात तपासणीला पुन्हा जाऊ लागली आहेत. यातल्या बऱ्याच जणांच्या पासपोर्टवरचा हा पहिलाच शिक्का असतो. व्हिसा, तिकीट, हॉटेल कंपनी बघते. सोमवार ते शनिवार पुरवठादाराची गाडी नेते-आणते, जेवणही तेच घालतात. त्या सहा दिवसांत फसवायला कुणाला वावच नसतो. रविवारी सकाळी गाडी येत नाही, चौघे मेट्रो पकडून नानजिंग रोडला जातात, आणि घोळ तिथे होतो.

शांघाय धोकादायक शहर नाही. रात्री अकरा वाजताही रस्त्यावर निर्धास्त फिरता येतं, आणि त्यामुळेच माणूस सैल पडतो. इथे सहसा कुणी खिशात हात घालत नाही. तुम्हीच आपल्या हाताने पैसे काढून द्याल अशी व्यवस्था केली जाते. पीपल्स स्क्वेअर, तिथून ईस्ट नानजिंग रोड स्टेशनपर्यंतचा सुमारे एक किलोमीटरचा पादचारी रस्ता, पुढे ‘बंड’ नावाचा नदीकाठचा रस्ता आणि जुन्या शहरातला यू युआन बागेचा परिसर, या पट्ट्यात चहाची फसवणूक, म्हणजे गोड बोलून चहाला नेऊन भरमसाट बिल लावणं, वर्षानुवर्षं चालत आली आहे. बीजिंगमध्ये वांगफूजिंग भागातही हाच प्रकार चालतो. गिऱ्हाईक गळाला लावून आणणाऱ्याला चिनी लोक ‘थुओ’ म्हणतात.

सुरुवात फोटोपासून होते. वीस-पंचवीस वर्षांची जोडी असते, दोन मुली किंवा मुलगा-मुलगी. कपडे साधे, पाठीला सॅक. स्वच्छ इंग्रजीत विचारतात, “आमचा एक फोटो काढाल का?” इथेच थोडं थांबून विचार करावा. आजूबाजूला हजारो चिनी माणसं चालत असताना फोटोसाठी चार परदेशी लोकच का निवडले? फोटो झाला की गप्पा सुरू. आम्ही शिआनचे किंवा हार्बिनचे, शिकतोय, सुट्टीत शांघाय बघायला आलोय. तुम्ही इंडियाचे? मग एखादं ‘नमस्ते’, आमिर खानचं नाव. या ओळखीच्या शब्दांनी परक्या गावात मन लगेच उघडतं, आणि त्यात तुमची काही चूक नाही.

गप्पांच्या ओघात तीन प्रश्न हमखास येतात: पहिल्यांदाच आलात का, किती दिवस आहात, हॉटेल कुठे आहे? हे नुसतं कुतूहल नसतं. पहिल्यांदा आलेल्याला इथले भाव ठाऊक नसतात. उद्या-परवा परतणारा माणूस पोलिसांना घेऊन पुन्हा येणार नाही. आणि हॉटेलवरून खिसा कळतो. “तीन वर्षं इथेच नोकरी करतो” एवढं सांगितलं तरी ही मंडळी बहुधा दोन मिनिटांत वाटेला लागतात.

लगेच कुणी चहाला बोलावत नाही. दहा-पंधरा मिनिटं बरोबर चालतात, दुकानं दाखवतात, तुमचेही फोटो काढून देतात. मग सहज म्हणतात, “आम्ही पारंपरिक चहाचा कार्यक्रम बघायला चाललोय, आज शेवटचा दिवस आहे, येता?” मुख्य रस्ता सोडून एखाद्या मॉलच्या मागच्या लिफ्टने तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर नेतात. बाहेर पाटी नसते, किंवा असली तरी फक्त चिनी.

खोली आठ बाय दहाची, खिडकी नाही, एक दार. मध्ये बुटकं टेबल, त्यावर पाणी खाली झिरपणारा लाकडी ट्रे. ट्रेच्या कोपऱ्यात मातीचा तीन पायांचा बेडूक, त्याच्यावर पहिलं पाणी ओततात. पारंपरिक झग्यातली मुलगी झाकणाच्या वाटीत पानं घालते, दुसऱ्या मिनिटाला चहा गाळते. कप दोन घोटांचा. हे सगळं अस्सल असतं. चिनी चहा खरोखर असाच करतात, म्हणून बघताना संशय येत नाही. लबाडी असते ती मेनूकार्डात.

मेनूकार्ड दाखवतात, पण क्षणभर, आणि तेही त्या जोडीच्या हातात. त्यात चहाची नावं: लाँगजिंग, थिएग्वानयिन, पुअर, जास्मिन, लिचीचा काळा चहा. पुढे 48 लिहिलेलं असतं. 48 युआनला एक किटली, असा आपला समज होतो. खरं तर तो एका माणसाचा एका चहाचा भाव असतो. “सहा प्रकार घेऊ, सहा आकडा शुभ आहे,” असं म्हणत जोडीच ऑर्डर देऊन टाकते.

हिशोब कसा फुगतो ते उदाहरणानेच बघा. तुम्ही चार, ते दोन. सहा माणसं, सहा चहा, प्रत्येकी 48: झाले 1,728 युआन. खोलीचं भाडं 300. न मागता आलेल्या सुक्या मेव्याच्या दोन बश्या 172. एकूण 2,200. त्यावर “आईसाठी घेऊन जा” म्हणून गळ्यात मारलेले चहाचे दोन डबे, 450 चा एक, म्हणजे 900. बिल 3,100 युआन. युआन साडेबारा रुपयांचा धरला तर 38,750 रुपये.

आता सगळ्यात कसलेली चाल. बिल येताच ती जोडी आधी स्वतःचा वाटा भरते, समजा 700 युआन. ते पैसे त्यांच्याच माणसांकडे जातात आणि नंतर परत मिळतात. पण त्यांनी मुकाट्याने पैसे दिले की आपल्या तोंडाला कुलूप लागतं. उरले 2,400, म्हणजे 30,000 रुपये, चौघांत प्रत्येकी साडेसात हजार. आकडा मुद्दाम असा असतो: झोंबतो खरा, पण भांडायला उठावं इतका नाही.

आणि चौघे असणं इथे मदतीला येत नाही, उलट नडतं. एकटा माणूस सावध असतो, कारण त्याला सांभाळणारा दुसरा कुणी नसतो. चौघांत प्रत्येकाला वाटतं, भाव दुसऱ्याने विचारला असेल. ज्युनियरला वाटतं, साहेब बसलेत म्हणजे ठीक असेल. साहेबाला ज्युनियरसमोर घासाघीस करायची लाज वाटते. मग सगळ्यांत वरिष्ठ माणूस कार्ड पुढे करतो, “मी भरतो, नंतर बघू.” संध्याकाळी हॉटेलवर रुपयांत हिशोब होतो आणि चौघेही गप्प बसतात. कंपनीच्या खर्चात दाखवायची सोय नाही, सांगितलं तर हसू होणार. म्हणून पुढच्या महिन्यात त्याच कंपनीची दुसरी तुकडी त्याच लिफ्टने वर जाते.

यावर उपाय साधा आहे. निघण्यापूर्वी हॉटेलच्या लॉबीतच ठरवा की भाव विचारायचं काम कुणाचं. ते काम सगळ्यांत ज्युनियरला द्या आणि त्याचं ऐकायचं असं वरिष्ठांनी सर्वांसमोर सांगा, म्हणजे त्याला संकोच राहत नाही. मराठी तिथे कुणाला कळत नाही, त्याचा फायदा घ्या. “भाव लिहून दिल्याशिवाय बसायचं नाही” हे मोठ्याने बोला. बोलावणाऱ्याला नाही म्हणायला ‘बू याओ’ पुरतं, म्हणजे ‘नको’. चालत राहा. चहा प्यायचाच असेल तर जागा तुम्ही निवडा. यू युआनजवळ तळ्याच्या मधोमध, नागमोडी पुलावर हूशिनथिंग नावाचं जुनं चहाघर आहे. महाग आहे, पण भाव आधी दिसतो. पानं विकत घ्यायची असतील तर चहाच्या घाऊक बाजारातला दुकानदार घेण्याआधी चव फुकट देतो. फक्त भाव कशाचा ते विचारा. ‘जिन’ म्हणजे 500 ग्रॅम, ‘ल्यांग’ म्हणजे 50 ग्रॅम. जिनचा समजून ल्यांगचा भाव मान्य केलात तर रक्कम दहापट होते. पर्यटकांच्या रस्त्यावर सुक्या मेव्याची मोठी वडी कापून विकणारे याच गोंधळावर जगतात. कापलेला तुकडा परत घेत नाहीत.

समजा बिल समोर आलंच. आवाज चढवू नका, कुणाला हात लावू नका, दार अडवणाऱ्याशी झटापट करू नका. मेनूकार्ड पुन्हा मागा आणि त्याचा, बिलाचा, भिंतीवरच्या व्यवसाय परवान्याचा फोटो काढा. चिनी दुकानात हा परवाना दर्शनी लावावा लागतो. नसेल तर रिकाम्या भिंतीचा फोटो काढा. मग ‘फाप्याओ’ मागा. फाप्याओ म्हणजे कराची अधिकृत पावती, आणि अशा जागांना ती द्यायची नसते. “छिंग गेइ वो फाप्याओ”, कृपया फाप्याओ द्या. ऐकलं नाही तर त्यांच्यासमोर 110 लावा, हा पोलिसांचा नंबर. ग्राहक तक्रारीसाठी 12315, शहराच्या प्रशासनासाठी 12345. 1998 पासून लागू असलेल्या चीनच्या किंमत कायद्यात भाव स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे. ग्राहक कायद्यात फसवणूक सिद्ध झाली तर किमतीच्या तिप्पट आणि कमीत कमी 500 युआन भरपाईची तरतूद आहे. त्यामुळे पोलीस येणार असं दिसलं की आकडा बहुतेक वेळा खाली येतो. पासपोर्ट मात्र कुणाच्याही हातात देऊ नका, आणि “एटीएमला चला” म्हणाले तर जाऊ नका. बाहेर पडल्यावरही तक्रार त्याच दिवशी करा, विमान पकडायच्या आधी.

पैशांचं निघण्यापूर्वी बघा. यूपीआयवर अवलंबून राहू नका. अलीपे किंवा वीचॅट पे या चिनी पेमेंट अ‍ॅपमध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड घरीच जोडा, कारण ओटीपीसाठी भारतातलं सिम चालू लागतं. परदेशी कार्डावर 200 युआनच्या वरच्या व्यवहाराला अलीपे 3 टक्के आकारतं, बँकेचं शुल्क वेगळं. या अ‍ॅपमधून परदेशी कार्डाने साधारणपणे खासगी व्यक्तीला पैसे पाठवता येत नाहीत, दुकानालाच देता येतात. त्यामुळे “अ‍ॅप नको, कार्ड स्वाइप करा” असा आग्रह झाला की सावध व्हा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातल्या स्वाइपची दैनंदिन मर्यादा ठरवता येते. रविवारी फिरायला निघताना ती दहा हजारांवर आणून ठेवा, मग वरिष्ठांच्या भिडेपोटीही मोठी रक्कम जाणार नाही. मशीनवर रुपये की युआन असं विचारलं तर युआन निवडा. पिन टाकण्याआधी आकडा वाचा. अनधिकृत व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत जे संरक्षण आहे, ते तुम्ही स्वतः पिन टाकून केलेल्या व्यवहाराला सहसा लागू होत नाही. बँकेकडे वाद नोंदवता येतो, पण मग मेनूकार्डाचा तो फोटो आणि चिनी तक्रारीचा क्रमांकच तुमची बाजू मांडतो.

विमानतळाबद्दल थोडक्यात. पुडाँगला बाहेर पडताना लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवत “टॅक्सी, टॅक्सी” म्हणणारे भेटतील. ही ‘हेइ छ’, म्हणजे बेकायदा गाडी, भाडं दुप्पट-तिप्पट. पाटीवर दाखवलेल्या रांगेतलीच मीटरची टॅक्सी घ्या, नाहीतर अलीपेमधून ‘दीदी’ (ओला-उबरसारखी चिनी टॅक्सीसेवा) बोलवा आणि नंबरप्लेट जुळवून मगच बसा. मेट्रोची दोन नंबरची लाइन थेट पीपल्स स्क्वेअरला जाते, दहा युआनच्या आत.

रोख द्यायची वेळ आली तर शंभराची लाल नोट टॅक्सीवाल्याला देऊ नका. “ही खोटी आहे, दुसरी द्या” म्हणत तो परत करतो ती नोट तुमची नसते, त्याची बनावट असते. सुटे ठेवा. द्यावीच लागली तर देण्यापूर्वी त्याच्यासमोर नंबराचे शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचा किंवा फोटो काढा. 2015 च्या मालिकेच्या नोटेवर मधला 100 तिरका धरला की सोनेरीचा हिरवा होतो. तेवढं बघायला दोन सेकंद लागतात.

वाट चुकली तर फोनच कामी येतो, पण हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल चालत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर साधारणपणे चालतात. चौघांपैकी किमान दोघांकडे रोमिंग आणि सगळ्यांकडे वीचॅट या चिनी मेसेज अ‍ॅपवरचा एक ग्रुप असू द्या. हॉटेलचं चिनी अक्षरांतलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं.

कुणी फसलंच असेल, तर परतल्यावर ट्रॅव्हल डेस्कला एक मेल लिहा. कुणी पैसे दिले, किती दिले हे लिहायची गरज नाही. मेट्रो स्टेशनचं नाव, बाहेर पडण्याच्या दाराचा नंबर, किती वाजता गाठलं, पहिलं वाक्य काय होतं, लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली, एवढं पुरे. पुढच्या तुकडीच्या तिकिटांबरोबर तोच मेल जोडून पाठवायला सांगा.