जुना ट्रक कुणाच्या हातात द्यायचा: कंपनी, नाका की गावातला मिस्त्री?

भाच्यानं दोन महिन्यांपूर्वी 2009 सालचा सहाटायर घेतला. टाटाचा, कमिन्स इंजिनाचा, एमएच-10 पासिंग, तीन मालकांच्या हातून फिरून आलेला. तासगावातून बेदाणा भरून पहिल्याच फेरीला निघाला आणि रात्री अकराला फोन. "मामा, गाडी चढाला दम टाकतीया. काळा धूर बी मारतीया. कुठं लावू?"

गाडीला काय झालंय हे नंतर कळतं, पण कुठं लावायची ते आधी ठरवावं लागतं. आणि पैसे बहुतेक वेळा तिथंच जातात. सांगलीत बसून बघितलं तर जुन्या डिझेल ट्रकाला जागा तीनच. एक, कंपनीचं अधिकृत वर्कशॉप. दोन, हायवेला नाक्या-नाक्यावर असलेली गॅरेजं. तीन, शंभर फुटी रोडला किंवा मिरजेच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये वीस-तीस वर्षं हात काळे केलेला मिस्त्री. वीसेक वर्षांत मी तिन्हीकडं गाडी लावलीय, तिन्हीकडं फसलोय आणि तिन्हीकडं वाचलोयही. त्यामुळं "अमक्याकडं जा, डोळे झाकून" असं मी कुणाला सांगत नाही.

आधी बघतो की आधी खोलतो

तिघांना एका शेजारी एक लावायचं तर मी पहिल्यांदा हेच बघतो. काळा धूर म्हणजे इंजिनाला डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर चोंदलेला असेल, टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) होस फाटला असेल, नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारं टोक) टपकत असेल, डिझेल पंपाचं टायमिंग हललं असेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह किंवा टर्बोचं सील. गरम इंजिनालाही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेटवर संशय. धुराचा रंग न विचारताच जो "इंजिन गेलंय" म्हणतो, त्याच्याकडून किल्ली परत घ्यायची.

हे मी स्वतः शिकलो ते महागात. काही वर्षांपूर्वी पुण्याहून माल घेऊन येताना खंबाटकी चढताना गाडी बसली. पिकअप नाही, मागं काळा ढग. कशीबशी घाट उतरून एका नाक्यावर लावली. तिथल्या गॅरेजवाल्यानं बोनेटही नीट उघडलं नाही. सायलेन्सरकडं बघूनच म्हणाला, "हाफ इंजिन करायला लागंल, चार दिवस." म्हणजे हेड उतरवून रिंगा बदलायच्या. मालाची घाई, रात्रीची वेळ, मी हो म्हणालो. हेड खाली उतरलं. रिंगा निघाल्या, त्या चांगल्या होत्या, तरी नव्या पडल्या. सगळं बसवून गाडी सुरू केली तर धूर तसाच. शेवटी त्याच्याच हेल्पर पोऱ्याला टर्बोकडून येणारा रबरी होस क्लॅम्पजवळ खालच्या बाजूनं चिरलेला दिसला. बोट आत जात होतं. होस आणि क्लॅम्पाचं काम, ते चार दिवसांचं आणि अख्ख्या मजुरीचं झालं.

म्हणून नाका वाईट, असं म्हणणार नाही. रात्री दोन वाजता बेल्ट तुटला, डिझेल संपून लाइनीत हवा धरली, स्प्रिंगचा पाटा मोडला, तर देव तोच. पण तुम्ही त्याला पुन्हा दिसणार नाही, हे त्याला माहीत असतं. गाडी चालती करून घ्यायची आणि निघायचं. तिथं इंजिन खोलू द्यायचं नाही, एवढंच.

आता भाच्याच्या गाडीचं सांगतो. सकाळी ती आमच्या जुन्या मिस्त्रींकडं लावली. त्यांनी पहिली दहा मिनिटं पाना हातात घेतला नाही. मागच्या मालकानं इंजिन कधी केलं, ऑइल किती खाते, धूर सकाळी जास्त की लोडला जास्त, नुसती चौकशी. मग एअर फिल्टर काढून उन्हाकडं धरला, होसवर हात फिरवला. ते ठीक निघालं तेव्हा गाडी आयडलवर ठेवली आणि नोझलला जाणाऱ्या पायपांच्या नटा एकेक करून सैल करत गेले. पहिली सैल केली, इंजिन लंगडलं, आवळली. दुसरी, पुन्हा लंगडलं. तिसरी सैल केली आणि आवाजात तसूभर फरक नाही. "हा गडी कामच करत न्हाई बघ," म्हणाले. सहापैकी एक सिलिंडर नुसतं डिझेल वाया घालवत होता. (हा प्रयोग जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीवरच, आणि तोही मिस्त्रीनंच करायचा. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल देणाऱ्या नव्या गाडीवर कुणी अशी नट सैल करायला लागला तर हात धरा, तिथलं प्रेशर माणूस जायबंदी करतं.)

कंपनीत हेच काम वेगळ्या वाटेनं होतं. जॉब कार्ड बनतं, सुपरवायझर तक्रार लिहून घेतो, गाडी रांगेत लागते. धुराच्या प्रदूषणाचे सरकारी नियम कडक होत गेले: एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 आणि एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. त्या गाड्यांना स्कॅनर लावला की कोड दिसतो, आणि तिथली बरीच पोरं त्यावरच तयार झालीत. 2009 च्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. कान लागतो. जुना हात असलेला एखादा फिटर तिथं असतो, पण तुमची गाडी त्याच्याच वाट्याला येईल याची खात्री नाही. नाहीतर एकेक पार्ट बदलून बघणं सुरू होतं, आणि मीटर तुमच्या खिशातून पळतं.

पंपवाला आणि मशीनवाला: हे दोघं कुणी मोजत नाही

मिस्त्री कितीही भला असला तरी नोझल आणि पंप त्याच्या शेडमध्ये तपासता येत नाहीत. त्यासाठी पंपवाल्याकडं, म्हणजे इंजिनाचे डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करणाऱ्याकडं जावं लागतं. भाच्याला मी मुद्दाम सोबत पाठवलं. टेस्टरवर नोझल लावून दांडा दाबला की टोकाच्या भोकांतून धुक्यासारखा बारीक फवारा आला पाहिजे आणि दाब सोडल्यावर टोक कोरडं राहिलं पाहिजे. तिसऱ्या नंबरच्या नोझलमधून फवारा एकाच बाजूला गेला आणि टोकाला थेंब लोंबत राहिला. हे डोळ्यांनी बघितलं की कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज राहत नाही. बाकीच्या पाचही तपासून घेतल्या, त्यातली अजून एक कमकुवत निघाली. पंप काढायची गरज पडली नाही, आणि "पंप पण करून टाकू" असं पंपवाला म्हणाला नाही, हे त्याच्या खात्यात जमा.

इंजिन खरंच करायचं असेल तर दुसरा माणूस मशीनवाला. बोरिंग (सिलिंडरचं भोक मोठं करणं), क्रँक ग्राइंडिंग (पिस्टननी फिरणारा मुख्य दांडा घासणं) ही कामं सांगलीत होतात, पण बरेच मिस्त्री अजून कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाठवतात. पन्नासेक किलोमीटरचा फेरा, पण तिथं लेथ आणि ग्राइंडर पिढ्यान्‌पिढ्या चालतायत. क्रँक घासून आला की बेअरिंग दहाची, वीसची, तिसाची असं बोललं जातं, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. क्रँक किती घासला हे मायक्रोमीटर लावून दाखव म्हणायचं. चांगल्या माणसाला राग येत नाही.

मिस्त्रीची परीक्षा घ्यायची असेल तर माझा एक खोडकर प्रश्न आहे. कमिन्सच्या 5.9 लिटर इंजिनाला लायनर (सिलिंडरात बसवायची बदलती नळी) किती मिमीचे येतात, असं विचारा. ते इंजिन मुळात बिनलायनरचं, ब्लॉकमध्येच बोर. घासला तर बोरिंग करून मोठा पिस्टन टाकायचा किंवा स्लीव्ह ठोकायची. "लायनर-पिस्टनचा किट आणा, बसवतो" म्हणणाऱ्यानं हे इंजिन फारसं खोललेलं नाही. तसंच टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ठेवायची फट: इनटेकला दहा, एक्झॉस्टला वीस, तेही इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे 0.25 आणि 0.51 मिमी. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) न वापरता बोटानं हलवून "बरोबर हाय" म्हणणारे अजून भेटतात. (टाटा-कमिन्सचा कारखाना आपल्याच सातारा जिल्ह्यात, फलटणला आहे, पण त्याचा आपल्या जुन्या इंजिनाला उपयोग शून्य. दिव्याखाली अंधार.)

माल आणि बिल

कंपनीत पार्ट अस्सल, यात वाद नाही. बिल पक्कं, मजुरीवर 18 टक्के जीएसटी, आणि काम बिघडलं तर कागद हातात. टाटाच्या गाडीला इंजिन किंवा गिअर बॉक्स फारच गेला असेल तर जुना देऊन कंपनीनंच रिकंडिशन केलेला घ्यायची 'प्रोलाइफ' सोय आहे. ज्याला गाडी आठ-दहा दिवस उभी ठेवणं परवडत नाही त्यानं त्याची चौकशी जरूर करावी. हे एक काम असं आहे की तिथं मी मिस्त्रीपेक्षा कंपनीकडं झुकतो.

मिस्त्रीकडं बिल म्हणजे वहीचं पान. आणि पार्टवाल्याकडून त्याला टक्का असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही, त्याची मजुरी बघितली तर. वाईट वाटतं ते डुप्लिकेट मालाचं. नोझलला अजून सगळे 'मायको'च म्हणतात, कंपनीचं नाव 2008 मध्येच बॉश झालं. जुन्या नावाच्या डब्यात नवाकोरा माल कुणी देत असेल तर तो कुठून आला ते विचारा. मी स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर आणतो, टक्का सरळ मजुरीत धर म्हणून मिस्त्रींना सांगतो आणि निघालेला प्रत्येक जुना पार्ट केबिनमध्ये ठेवायला लावतो. नाक्यावर यातलं काहीच जमत नाही. असेल तो माल, सांगेल तो भाव.

वेळेचं गणित मात्र मिस्त्रीच्या बाजूनं नसतं. ऊस हंगाम सुरू झाला की शेडसमोर ऊसवाहतुकीच्या ट्रक-ट्रॅक्टरांची रांग लागते आणि आपला नंबर "उद्या"वर जातो. तो उद्या मार्चपर्यंत लांबू शकतो. इंजिन करायचं असेल तर पावसाळ्यात करून घ्या, तेव्हा मिस्त्री मोकळा असतो आणि भाव पण नरम. आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी, तर ब्रेक, किंगपिन, पाट्याची कामं त्या तारखेच्या आधी एकत्र उरकून घ्यायची. ही कामं कुठंही चालतात, त्यात जागेवरून भांडायचं कारण नाही.

घरी येऊन काम करणारे मिस्त्रीही आहेत, मोटारसायकलवर पेटी घेऊन. ग्रीसिंग, क्लच ॲडजस्टमेंट, सेल्फ यासाठी चांगले. रस्त्याकडेच्या धुळीत हेड खोलू देऊ नका.

भाच्याच्या गाडीला शेवटी दोन नोझल बदलल्या, मजुरी एका दिवसाची. जुन्या नोझल पेपरात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत. येत्या पावसाळ्यात क्रँक बघून घ्यायचा, असं मिस्त्रींनी आत्ताच सांगून ठेवलंय, कारण ऑइल प्रेशर गरम झाल्यावर थोडं खाली येतंय. तुम्हीही गाडी लावायला निघणार असाल तर आधी कॅलेंडर बघा. आमच्याकडं अमावस्येला बरीच गॅरेजं बंद असतात.